तांब्याचे काम तांब्याला, लोखंडाचे लोखंडाला

गेल्या काही वर्षांत भांड्यांच्या दुकानांत एक उलटी फेरी सुरू झाली आहे. ज्या घरांतले तांब्याचे हंडे मोडीत गेले आणि लोखंडी कढया माळ्यावर पडून गंजल्या, त्याच घरांतली पुढची पिढी आता तांब्याची बाटली, तांब्याचा जग, लोखंडी कढई, बिडाचा तवा विचारत येते. याचे मनापासून बरे वाटते. मात्र भांड्यासोबत घरात बरेच अर्धवट ज्ञानही येते. तांबे म्हणजे शुद्धता, लोखंड म्हणजे ताकद, तेव्हा दोन्हींत काहीही शिजवा आणि काहीही साठवा, असे निरोप फोनवर रोज फिरत असतात. दोन्ही धातू गुणी आहेत, पण त्यांचे गुण वेगवेगळे आहेत. एकाचे काम दुसऱ्याला दिले की पदार्थ बिघडतो, भांडे खराब होते आणि क्वचित माणूस आजारीही पडतो. म्हणून पैसे मोजण्याआधी स्वतःला एवढेच विचारा, की या भांड्यात काय ठेवायचे आहे आणि किती वेळ?

थोडे रसायनशास्त्र आधी पाहू, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात. आवर्तसारणीत लोखंडाचा अणुक्रमांक २६ आणि तांब्याचा २९. दोघेही संक्रमण मूलद्रव्यांच्या पहिल्या ओळीतले, मधे फक्त कोबाल्ट आणि निकेल. सोडियमसारखा धातू एक इलेक्ट्रॉन देतो आणि मोकळा होतो. या मंडळींचे तसे नसते. लोखंड कधी दोन इलेक्ट्रॉन देते तर कधी तीन, आणि तांबे कधी एक, कधी दोन. त्यांच्या क्षारांना रंग येतात तेही याच घराण्याचे लक्षण. मोरचूद निळेशार असते, हिराकस फिकट हिरवा, आणि लोखंडावरचा गंज तपकिरी. इलेक्ट्रॉन देण्याघेण्याच्या या सवयीमुळेच शरीराने दोघांनाही कामाला लावले आहे. आपल्या रक्तातला प्राणवायू लोखंड वाहते. कोकणातल्या खाजणातल्या खेकड्याच्या रक्तात तेच काम तांबे करते, त्यामुळे प्राणवायू घेतला की त्याचे रक्त निळसर दिसते.

फरक मात्रेचा आहे, आणि तो फार मोठा आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात लोह साधारण ३ ते ४ ग्रॅम असते, तर तांबे सुमारे ०.१ ग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह लागते. तांबे मात्र एक-दोन मिलिग्रॅम पुरते, आणि धान्य, डाळी, शेंगदाणे, तीळ यांतून ते आपल्याला मिळत असते. म्हणजे भांड्यातून जेवणात थोडे लोखंड उतरले तर बहुतेक घरांत ते हवेच असते. तांबे उतरले तर मर्यादा फार लवकर ओलांडली जाते. हा एक मुद्दा पक्का लक्षात राहिला तरी निम्मे काम झाले.

आता आच. तांबे लोखंडापेक्षा सुमारे पाचपट चांगला उष्णतावाहक आहे. तांब्याच्या पातेल्याखाली ज्योत एका जागी असली तरी उष्णता बुडापासून काठापर्यंत झरझर पसरते, आणि गॅस बंद केला की भांडे लवकर निवते. खीर, बासुंदी, साखरेचा पाक असे लागायला वेळ न लावणारे पदार्थ जुने आचारी कल्हई केलेल्या तांब्या-पितळेच्या पातेल्यांत करत, त्याचे कारण हेच. अंघोळीचा बंबही म्हणूनच तांब्याचा. मधल्या नळीतली धग पाण्यात चटकन उतरते, आणि सदासर्वदा पाणी भरलेले असूनही तांबे लोखंडासारखे गंजून झडत नाही.

लोखंडात उष्णता सावकाश पसरते. मोठ्या आचेवर ठेवलेल्या पातळ लोखंडी तव्याचा मध्य जळतो आणि कडा थंड राहतात, ते यामुळेच. तवा जाड घ्यावा, मंद आचेवर पाच-सात मिनिटे तापू द्यावा, मग भाकरी टाकावी. जाड लोखंडात साठलेली धग गार पीठ पडल्यावरही टिकून राहते, म्हणून भाकरीला पापुद्रा सुटतो आणि थालीपीठ खमंग होते. शिवाय लोखंड १५३८ अंशांपर्यंत वितळत नाही, त्यामुळे कोरडे भाजणे, कडकडीत फोडणी, तळण यांचे त्याला काहीच वाटत नाही. इंडक्शनच्या शेगडीवरही लोखंड चालते, साधे तांबे चालत नाही. त्या शेगडीला लोहचुंबक चिकटेल असे बूड लागते. फक्त बूड सपाट आहे ना, ते काचेवर ठेवून पाहावे.

यापुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो सविस्तर सांगतो. ताक कळकले, असे आपण म्हणतो. तांब्या-पितळेच्या उघड्या भांड्यात ताक, चिंचेचे सार, कैरीचे पन्हे किंवा सोलकढी ठेवली, की आंबटपणामुळे तांब्याचे क्षार त्यात उतरतात. चव आधी तुरट-धातूसारखी होते, काठाला हिरवट झाक दिसते, आणि असे काही पोटात गेले तर मळमळ आणि उलट्या सुरू होतात. अमेरिकेच्या अन्नसुरक्षा नियमांतही सामू ६ पेक्षा कमी, म्हणजे आंबट, असलेल्या पदार्थाचा तांब्याशी किंवा पितळेशी संपर्क येऊ देऊ नये असे म्हटले आहे. आपल्याकडे ही गोष्ट आजीला माहीत होती. ती दही चिनी मातीच्या सटात लावी, आणि चिंचेचा कोळ तांब्यात ठेवत नसे. तिच्याकडची चिंच फक्त तांबे घासायला जाई.

दुधाची गोष्ट मात्र घरच्या अनुभवात सापडत नव्हती. ती शोधायला डॉक्टर लागले, आणि ते काम मोठ्या प्रमाणावर पुण्यात झाले. भारतात लहान मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार होत असे. एक-दोन वर्षांच्या मुलाचे पोट फुगे, यकृत दगडासारखे कडक होई आणि बहुतेक मुले दगावत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या मुलांचा अभ्यास केला. त्यांच्या यकृतात तांबे प्रचंड प्रमाणात साठलेले असे. १९८३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी मांडले, की बाळाला फार लवकर वरचे दूध सुरू करणे आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवणे, साठवणे, हे यामागचे कारण असावे. दूध आंबट नसते, तरी त्यातली प्रथिने तांब्याला धरून ठेवतात. म्हणून पितळेच्या भांड्यातल्या दुधात पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तांबे उतरते. लहान बाळाच्या यकृताला ते बाहेर टाकता येत नाही. घराघरांत स्टीलची पातेली आली, भांडी बदला हा सल्ला पसरला, आणि हा आजार आता क्वचितच पाहायला मिळतो.

तेव्हा बारशाला तांब्याची वाटी आणि चमचा देण्याची हौस असेल तर ती शोकेसमध्ये राहू द्यावी. बाळाचे दूध, पेज, नाचणीचे सत्त्व यांना तांबे-पितळ लावू नये. दुधाची पावडर कालवायलाही तांब्यात साठवलेले पाणी न घेता साधे उकळून गार केलेले पाणी घ्यावे.

मग तांब्यातले पाणी प्यावे की नाही? मोठ्यांनी जरूर प्यावे, पण त्याच्याकडून काय होते आणि काय होत नाही हे समजून. तांब्याचे अगदी थोडे कण पाण्यात उतरतात आणि जंतूंच्या पेशींचे कामकाज बिघडवून त्यांना मारतात. भारतातल्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अतिसाराचे जंतू मुद्दाम मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवल्यावर ते जंतू सापडेनासे झाले. पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या, लिटरला २ मिलिग्रॅम, या मर्यादेच्या खूपच आत होते. यात १६ तास हा आकडा महत्त्वाचा आहे. नळाखाली भरून लगेच तोंडाला लावलेल्या तांब्याच्या बाटलीत पाण्याचे काहीच शुद्धीकरण झालेले नसते. गढूळपणा, क्षार, शेतातून झिरपलेली रसायने यांवर तर तांब्याचा काही इलाज नाही. संध्याकाळी गाळलेले, स्वच्छ पाणी भरावे, दुसऱ्या दिवशी संपवावे, भांडे रोज विसळावे. बाटलीत लिंबू पिळू नये, सरबत, ताक, फळांचा रस भरू नये. आतून घासायला चिंच-मीठ वापरले तर तीन-चार पाण्यांनी खळखळून धुवावे, कारण काळा थर विरघळवून जे तयार होते तेच तांब्याचे क्षार. आठवड्यातून एकदा घासणे पुरे. रोज आरशासारखे चमकवायची गरज नाही. तो तपकिरी थर खालच्या तांब्याचे थोडेफार रक्षणच करतो. हिरवा कळंक दिसला तर मात्र भांडे आधी स्वच्छ करावे, मगच वापरावे. विल्सनचा आजार, म्हणजे शरीरात तांबे साठत जाण्याचा आनुवंशिक विकार, घरात कोणाला असेल तर त्याच्यासाठी तांब्यातले पाणी पूर्ण वर्ज्य.

तांब्यात शिजवायचेच असेल तर कल्हईला पर्याय नाही. हे काम उभे राहून एकदा पाहावे. कल्हईवाला भांडे आतून स्वच्छ करतो, भात्याने फुलवलेल्या कोळशांवर तापवतो आणि नवसागराची चिमूट टाकतो. भपकन पांढरा धूर उठतो, त्याच क्षणी तांब्यावरचा काळपट थर जाऊन गुलाबी धातू उघडा पडतो. नवसागर तापला की त्यातून आम्ल सुटते आणि ते तांब्याचे ऑक्साइड खाऊन टाकते. लगेच कथिलाची कांडी टेकवायची, ती लोण्यासारखी विरघळते, आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवत तो चंदेरी थर काठापर्यंत न्यायचा. मग भांडे पाण्यात. कथिल आंबटाला तांब्यापेक्षा खूपच कमी दाद देते, म्हणून वर्षानुवर्षे आमटी-भाजी या थराच्या भरवशावर शिजली.

या थराच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. कथिल २३२ अंशांनाच वितळते. रिकामे भांडे आचेवर विसरलात तर कल्हई घरंगळून गोळा होते. त्यामुळे कल्हईच्या भांड्यात कोरडे भाजू नये, तळण करू नये, आत लाकडी पळी वापरावी. आणि बुडाशी तांबूस रंग डोकावू लागला की भांडे पुन्हा कल्हईला द्यावे, तोवर त्यात शिजवू नये. याहून मोठी काळजी शिशाची. शिसे कथिलापेक्षा फार स्वस्त आहे आणि त्यात सहज मिसळते; थर दिसायला तसाच चंदेरी येतो. शिसे लहान मुलांच्या मेंदूला कायमचे नुकसान करते, आणि ते मिसळले आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. तेव्हा कल्हईच्या मजुरीत घासाघीस करू नये. शुद्ध कथिल कुठून आणता हे विचारावे, आणि खात्री नसेल तर ते भांडे पूजेपुरते ठेवावे.

लोखंडाच्या बाबतीत अशी धास्ती नाही. काळजी आहे ती गंजाची. ओलावा आणि हवा दोन्ही मिळाली की लोखंड गंजते, आणि गंज सच्छिद्र असल्यामुळे तो खालच्या धातूला झाकत नाही, उलट पाणी धरून ठेवतो. तांब्यावरचा थर घट्ट चिकटून बसतो, गंज पोपडे होऊन पडतो. म्हणून नवी कढई आणली की आधी तिला तयार करावे लागते. कारखान्यातले तेल गरम पाण्याने आणि साबणाने घासून काढा, आचेवर ठेवून पूर्ण कोरडी करा, मग सुती फडक्याने जवसाचे किंवा शेंगदाण्याचे तेल अगदी पुसट लावा. दिसेल इतके तेल लागले तर चिकट डाग राहतात. आता धूर येईपर्यंत तापवा, निवू द्या, पुन्हा पुसट तेल, पुन्हा आच. चार-पाच वेळा असे केले की तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून कडक काळा थर बनतो. त्यानंतर पहिले काही दिवस भजी, पुऱ्या, कांद्याची फोडणी असे तेलकट पदार्थ करावेत. रोजच्या वापरात कढई धुऊन लगेच आचेवर वाळवावी. ओट्यावर पाणी निथळायला ठेवू नये. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात तर खोबरेल तेलाचा हात फिरवल्याशिवाय ती फळीवर ठेवूच नये. बिडाची कढई ठिसूळ असते, पडली तर तडकते. तापलेल्या बिडावर गार पाणीही ओतू नये. घडीव पत्र्याची कढई पडली तर फार तर पोचते.

लोखंडात शिजवल्याने जेवणातले लोह वाढते हे प्रयोगांत दिसले आहे. इथिओपियातल्या एका अभ्यासात लोखंडी भांड्यांतले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांतले अन्न खाणाऱ्यांपेक्षा अधिक वाढले. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. आपल्या देशात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, तेव्हा स्वयंपाकघरात एक लोखंडी कढई असणे ही चैन म्हणता येणार नाही. पदार्थ जितका ओला, आंबट आणि जास्त वेळ शिजणारा, तितके लोह जास्त उतरते. टोमॅटो घातलेली पालेभाजी, पिठले, उसळ हे त्यासाठी उत्तम. वरून लिंबू पिळले तर ते अंगीही जास्त लागते, जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. मात्र डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर कढई आणली म्हणून त्या बंद करू नयेत. आणि थॅलेसेमियामुळे ज्याला वारंवार रक्त द्यावे लागते, त्याच्या शरीरात आधीच लोह साठत असते. त्याचे जेवण स्टीलमध्येच शिजवावे.

केळफूल, कच्चे केळे, वांगे, आवळा यांची भाजी लोखंडात काळी पडते. त्यांतल्या तुरट द्रव्यांची आणि लोहाची जोडी जमली की काळा रंग तयार होतो. केसांची मेंदी लोखंडी कढईत रात्रभर भिजवतात ती याचसाठी. अपाय काही नाही, पण पाहुण्यांपुढे वाढायची भाजी असेल तर दुसरे भांडे घ्यावे. शिजलेला पदार्थ कढईत तसाच रात्रभर ठेवू नये, आणि तळणीचे तेलही नाही. धातूच्या संगतीत तेल लवकर खवट होते.

हे दोन धातू एकत्र आले तर काय होते, हे बागायतदारांना चांगले ठाऊक असते. द्राक्षावरचा केवडा आणि सुपारीवरचा कोळेरोग यांसाठी बोर्डो मिश्रण फवारतात. फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८५ साली पुढे आणलेले हे मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. एक टक्क्याचे करायचे तर १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये, आणि दोन्ही धारा एकाच वेळी तिसऱ्या पिंपात. पिंप प्लास्टिकचे असावे, लोखंडी चालत नाही. तयार झाल्यावर घासून चकचकीत केलेला विळा मिनिटभर त्यात बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर दिसला तर मोरचूद मोकळे राहिले आहे आणि फवारले तर पाने करपतील. चुन्याची निवळी घालून पुन्हा तपासा. पाते स्वच्छ निघेपर्यंत हे करायचे, आणि मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. विळ्यावर जे घडते ते असे: लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील आहे, ते स्वतः विरघळते आणि द्रावणातले तांबे बाहेर काढते.

घराच्या नळकामातही हेच घडते, फक्त सावकाश. तांब्याच्या नळ्या असलेला सौर बंब थेट लोखंडी पाइपला जोडला, की सांध्याजवळचे लोखंड झपाट्याने खचते. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचे असेच झाले. बाहेरून तांब्याचा पत्रा आणि आत लोखंडी सांगाडा. शंभरेक वर्षांत तांबे जवळजवळ शाबूत राहिले, लोखंडी पट्ट्या मात्र गंजून फुगल्या आणि १९८० च्या दशकातल्या दुरुस्तीत त्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. प्लंबरला सांगून दोन धातूंच्या मधे वीज न वाहणारा सांधा बसवून घ्यावा, आणि पाण्याचा प्रवाह लोखंडाकडून तांब्याकडे राहील असे पाहावे. उलट दिशेने गेल्यास तांब्याचे कण पुढच्या पाइपात बसून त्याला छिद्रे पाडतात.

विजेच्या तारांबद्दल फार बोलायला नको. लोखंडाचा विद्युतरोध तांब्याच्या जवळपास सहापट, म्हणून घरातली तार तांब्याची. अर्थिंगला दोन्ही चालतात, जाडी बदलते. भारतीय मानकानुसार ६० बाय ६० सेंटिमीटरची पाटी तांब्याची असेल तर ३.१५ मिलिमीटर जाड, लोखंडाची असेल तर ६.३.

दुकानात जाताना खिशात छोटे लोहचुंबक ठेवा. तांब्याच्या म्हणून दिलेल्या जगाला ते चिकटले तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. न चिकटल्यास मात्र तांबे सिद्ध होत नाही, कारण स्टेनलेस स्टीलच्या काही जातीही चुंबकाला दाद देत नाहीत. तेव्हा आतला काठ आणि बुडाचा सांधा निरखून पाहा. आतून पारदर्शक रोगण दिलेले असेल तर ते भांडे पाण्यासाठी घेऊ नका. पाणी तांब्याला लागणारच नसेल तर १६ तास थांबून मिळणार काय?